मॅटाडोर सजली, पण अजून तुमची झाली नाही

प्रश्न : गेल्या वर्षी मी सांगलीजवळच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून १९८७ ची बजाज टेम्पो मॅटाडोर १ लाख ४० हजारांना घेतली. नोंदणी खासगी. आरसी त्यांच्या वडिलांच्या नावावर असून वडील २०१९ मध्ये वारले. आई त्याआधीच गेल्या. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट मिळाले. मागच्या सीट काढून पलंग आणि ओटा पक्का बसवला, हवेसाठी छत कापून झडप केली. साडेतीन लाख गेले. आता त्यांच्या बहिणीची वकिलामार्फत नोटीस आली आहे : आजच्या किमतीचा अर्धा हिस्सा द्या, नाहीतर गाडी परत करा. फॉर्मवर सही वडिलांच्या नावाची आहे, ती मुलानेच केली. एजंट म्हणतो, मागची तारीख टाकून नाव चढवून देतो. काय करावे? गाडीला व्हिंटेज नंबर मिळेल का? डिसेंबरात कोकणात जायचे आहे. पुढे शनिवार-रविवारी भाड्याने द्यायचाही विचार आहे.

उत्तर : आधी त्या एजंटला नको म्हणून सांगा. मेलेल्या माणसाची सही करून, तो जिवंत असतानाची तारीख टाकून कागद आरटीओत देणे म्हणजे बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली तो गुन्हा आहे, आणि सही मुलाने केली हे ठाऊक असताना कागद पुढे केलात तर तुम्हीही त्यात आलात. आज तुमचे भांडण दिवाणी आहे, ते फौजदारी करून घेऊ नका. फॉर्म फाडूही नका. विक्रेत्याने काय दिले याचा तो तुमच्याजवळचा पुरावा आहे.

आता बहिणीचा हक्क. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी समान वारस. घर-जमिनीच्या वाटण्या होताना अंगणात उभी असलेली गाडी कुणी मोजत नाही, पण तीही मालमत्ताच. म्हणजे भावाला स्वतःचा अर्धा हिस्सा विकता येत होता. बहिणीचा विकायला तिची संमती हवी होती.

तुमच्या बाजूने एक तरतूद आहे : माल विक्री कायदा, १९३० चे कलम २८. अनेक मालकांपैकी एकाकडे बाकीच्यांच्या परवानगीने वस्तूचा एकट्याचा ताबा असेल आणि त्याच्याकडून कुणी प्रामाणिकपणे विकत घेतली, तर घेणाऱ्याला मालकी मिळते. गाडी वडिलांच्या पश्चात भावाच्या अंगणात होती आणि बहिणीने कधी हरकत घेतली नाही, हे दाखवता आले तर बरे. मात्र या कलमात एक अट आहे : विक्रेत्याला विकण्याचा अधिकार नाही, याची जाणीव घेणाऱ्याला नसावी. तुम्ही आरसीवर मृत वडिलांचे नाव वाचले होते, मुलाने त्यांची सही केली हे तुम्हाला ठाऊक होते. समोरचा वकील उलटतपासणीत हेच दोन प्रश्न विचारेल. म्हणून केवळ या कलमाच्या भरवशावर कोर्टात जा, असे मी सांगणार नाही.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीत जाऊ द्या. त्यात दोन गोष्टी ठामपणे मांडा. पहिली, तुम्ही पूर्ण किंमत मोजली आहे; बहिणीचे ७० हजार भावाच्या खिशात आहेत, मागायचे तर त्याच्याकडे मागावेत. दुसरी, तिचा वाटा वडिलांनी ठेवलेल्या गाडीत आहे. तुम्ही नंतर घातलेल्या साडेतीन लाखांवर तिने हक्क का सांगावा? भावालाही वेगळी नोटीस द्या. विकण्याचा हक्क विक्रेत्याकडे आहे, हे त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रीत गृहीत असते. तो नसेल तर किंमत आणि नुकसानभरपाई मागता येते. दाव्याची तीन वर्षांची मुदत चालू झाली आहे असे धरूनच चाला.

माझ्या मते हे प्रकरण तिघांनी एका टेबलावर बसून मिटण्यासारखे आहे, आणि बहिणीलाही तशी निकड आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात म्हटले आहे की अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी मधे कितीही हातांतून गेली असो. वडिलांचे नाव कायम असेपर्यंत भरपाईचा दावा त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपर्यंत, म्हणजे या भावंडांपर्यंत येऊ शकतो. हे तिच्या वकिलाला शांतपणे समजावून सांगा. भावाने तिला ७० हजार द्यावेत, तिने ना हरकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे. मग फॉर्म ३१ वर मृत्यूचा दाखला जोडून गाडी आधी भावाच्या नावावर, आणि त्याच्या स्वतःच्या सहीच्या नव्या २९-३० वर तुमच्या नावावर.

तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८७ ची गाडी. म्हणजे वडील असेपर्यंतची सगळी नूतनीकरणे वेळेवर झाली असली तरी शेवटची मुदत २०२२ ला संपली. तुम्ही याविषयी काहीच लिहिले नाही, त्यावरून तारीख पाहिली नसावी असे वाटते. नूतनीकरणाचा फॉर्म २५, थकलेले विलंब शुल्क, पर्यावरण कर आणि मोटर वाहन निरीक्षकाची तपासणी, हे सगळे बाकी आहे.

त्या तपासणीत तुमचे सुतारकाम अडेल. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जयचंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मात्र ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत मूलभूत फरक पाडणारा बदल, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. त्यामुळे उचलून ठेवता येणारा पलंग, सुटी टाकी आणि प्रवासापुरती शेगडी हे सामान ठरते, असा युक्तिवाद मी करीन. काढलेल्या सीटमुळे आरसीवरची आसनसंख्या चुकते आणि कापलेले छत तर सरळ रचनेतच येते. सीट परत बसवा, छत पत्र्याने नीट बंद करून घ्या. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, पण त्याची मान्यता एका जुन्या गाडीसाठी मिळवण्याची खटपट तुम्हाला परवडणार नाही. विमा घेताना गाडीत काय आहे ते लेखी कळवा.

व्हिंटेजचा विचार सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. तुमची २०३७ ला पन्नाशी गाठेल, आणि तेव्हाही ‘व्हीए’ नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून तारकर्लीला मुक्कामाला जाता येणार नाही. असला नंबर घेऊन तुम्ही करणार काय?

भाड्याचे उत्तर सोपे आहे : पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर, नाही. परमिटशिवाय भाड्याने चालवल्यास कलम १९२-अ लागते, दंड १०,००० रुपये आणि कैदेचीही तरतूद. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यातून व्यवसाय करायचा असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून, आरटीओत तशीच नोंद झालेली दुसरी गाडी घ्या. या मॅटाडोरवर आणखी पैसा घालण्याआधी बहिणीचे प्रतिज्ञापत्र हातात येऊ द्या.