धुईत कॅमेऱ्याला दिसेना

प्रश्न : रावेर तालुक्यात तापीकाठी केळीची बाग आहे. विहिरीवरच्या मोटारीवर नजर राहावी म्हणून 80 फुटांवर कॅमेरा लावला. थंडीत पहाटे धुई पडली की मोबाइलवर नुसता पांढरा पडदा. मेनूतलं ‘डीफॉग’ चालू केलं, तर मुंग्याच मुंग्या. थर्मल कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी कॅमेऱ्यातले आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) दिवे बंद करा आणि कुणाला तरी बाजूला उभं करून मोटारीवर बॅटरी मारायला सांगा. मोटार दिसली, तर दोष त्या दिव्यांचा. लेन्सभोवतीचा उजेड जवळच्या थेंबांवरून थेट लेन्समध्ये परततो. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तेच. मग 850 नॅनोमीटर लहरलांबीचा वेगळा आयआर दिवा कॅमेऱ्यापासून 10-12 फूट बाजूला लावा, झोत फक्त मोटारीवर. 940 चा दिवा लाल चमकत नाही म्हणून गळ्यात मारतात, पण सेन्सरला तो बराच कमी दिसतो. बॅटरीनेही फरक पडला नाही, तर काच बघा. दव किंवा कोळ्याचं जाळं असतं.

आता डीफॉग. कॅमेऱ्यातली चिप धुक्याचा पांढरटपणा अंदाजाने वजा करते आणि उरलेला काळा-पांढरा फरक ताणते. रात्री गेन (अंधारात चित्र उजळ करायला सेन्सरचा संकेत वाढवण्याचं प्रमाण) चढलेला असतो, त्यामुळे सेन्सरचा गोंगाटही सोबत ताणला जातो. त्याच तुमच्या मुंग्या. डीफॉग ‘लो’वर ठेवा, गेनची कमाल मर्यादा निम्म्यावर आणा, शटर 1/25 सेकंद करा.

खरा फायदा मात्र अंतर कमी करण्यात. दृश्यता 100 फूट म्हणजे दिवसाउजेडी काळ्या वस्तूचा मागच्या धुक्याशी असलेला फरक तिथे जेमतेम 2 टक्के उरतो. 50 फुटांवर तोच 14 टक्के असतो. खांब पुढे घ्या.

थर्मल कॅमेरा वस्तूच्या उष्णतेच्या 8 ते 14 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरी पकडतो. धुक्याचे थेंबही साधारण त्याच मापाचे, म्हणून दाट धुईत तोही अडतो. विरळ धुक्यात माणूस कळेल, चेहरा नाही. एका मोटारीसाठी हा खर्च आम्हाला पटत नाही.

प्रश्न : धुक्यातलं फुटेज नंतर संगणकावर साफ करता येतं का? (भुसावळ)

उत्तर : थोडंफार. रेकॉर्डिंग दाबून साठवताना पुसट फरक आधी जातात आणि गेलेले परत येत नाहीत. ताणायला गेलं की चौकोनी ठोकळे दिसतात. कॅमेऱ्यातली चिप दाबण्याआधीच काम करते, म्हणून सुधारणा तिथेच करावी. बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) 2 एमबीपीएसवर असेल, तर 4 करा. हार्ड डिस्क दुप्पट वेगाने भरेल.