वाचक विचारतात: बातमी खरी, मग खटकतं काय?

प्रश्न: म्हादई नदीच्या पाणीवाटपाची बातमी आमच्या गोव्यातल्या पेपरात 'कर्नाटकानं पाणी पळवलं' अशी येते. मेव्हणा बेळगावला असतो, तो तिकडचा पेपर दाखवतो तर त्यात 'पिण्याच्या पाण्याची योजना'. मग खोटं नक्की कोण बोलतंय? (एक वाचक, साखळी)

उत्तर: बहुतेक वेळा कोणीच नाही, आणि गोची तिथेच आहे. 2018 चा म्हादई पाणीतंटा लवादाचा निवाडाच घ्या. कर्नाटकाला 13.42 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, हा आकडा खरा, आपल्याकडे हेडिंगला तोच येतो. पण त्यातले 8.02 वीजनिर्मितीचे, 1.5 खोऱ्यातच वापरायचे आणि कळसा-भांडुरा या नाल्यांतून दुसऱ्या खोऱ्यातल्या मलप्रभा नदीत वळवायचे 3.9. आता 'पळवलं' म्हणून शेजारी 13.42 छापलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळंच गेलं, आणि तिकडे नुसतं 'पिण्याचं पाणी' म्हटलं की नदीचं पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातंय ही गोष्टच गायब. मलाही ते पाणी वळवणं पटत नाही, पण म्हणून 'पळवलं' हे बातमीतलं क्रियापद होत नाही, ते अग्रलेखात लिहा ना, कोण अडवतंय.

हेडिंगपेक्षा जास्त लक्ष मी 'म्हणाले'च्या जागी काय आलंय तिकडे देतो. मंत्री नेहमी 'स्पष्ट करतात', आंदोलक नेहमी 'आरोप करतात'. दोघंही पुरावा न देता बोललेले असले तरी! 'स्पष्ट केलं' म्हटलं की ते खरंच धरून चालल्यासारखं होतं, आणि 'दावा केला', 'कांगावा केला' म्हटलं की वाचायच्या आधीच माणूस संशयित.

दुसरं म्हणजे 'करण्यात आले'. 'डोंगर कापण्यात आला', 'जमिनीचे रूपांतर करण्यात आले'. अहो पण कोणी? तेच झाडं तोडणारा एखादा गरीब कामगार असला की लगेच कर्ता सापडतो, वर तो 'परप्रांतीय' आहे हेसुद्धा छापून येतं, त्याचा बातमीशी काही संबंध असो वा नसो.

आता लगेच 'पेपर विकला गेला' म्हणू नका हं. कित्येकदा संध्याकाळी सरकारी प्रेसनोट येते, डेस्कवर माणसं कमी, मग तिचीच भाषा जशीच्या तशी पानावर चढते. वर 'प्रतिनिधी' असलं आणि आत दुसऱ्या बाजूचं एकही वाक्य नसलं तर बहुधा तोच प्रकार.