आधी मागचं मोज

पोरी,

काल तू गेलीस आणि कपात चहा तसाच राहिला. दोन तास तुझा एकच घोळ, "काका, अभ्यासाला रडार घेऊ की इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे किरण?" मी चिडलो ते त्या प्रश्नावर नाही, तुझ्या वहीवर. यावलच्या घराचा नवा पत्रा, वैशाखातली भर दुपार, हात लावला तर फोड येईल, आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा दाखवतो गार. पुढे तू लिहिलंयस, "कॅमेरा खराब."

कॅमेरा धडधाकट आहे. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता फार कमी फेकतो. तुला दिसलं ते त्यातलं निरभ्र आकाश. काळी इन्सुलेशन टेप चिकटव, पाच मिनिटं थांब, टेपवरचा आकडा वाच. आधी मागचं, म्हणजे वस्तूच्या पाठीमागचं आणि आजूबाजूचं, मोज, मग पुढचं.

सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या कॉकपिटच्या काचेपुढे तो इन्फ्रारेडचा गोल डोळा असतो ना, त्याचा सगळा खेळ हाच. रडार लहरी सोडतं, म्हणून समोरच्याला चाहूल लागते. हा डोळा काहीच सोडत नाही, नुसता बघतो. दिशा नेमकी सांगतो. अंतरासाठी लेसर लागतो, आणि मध्ये दाट ढग आला की संपलं. ११ किलोमीटरवर हवा उणे ५६ अंश. तिथे १.६ माखने, म्हणजे आवाजाच्या १.६ पट वेगाने, येणाऱ्या विमानाच्या नाकाच्या टोकाशी हवा दाबली जाऊन तापमान ५० च्या पुढे जातं, म्हणजे तुझ्या अंगणाइतकं. गार आकाशापुढे ते उठून दिसतं. तेच विमान खाली, तापलेल्या रानावरून जाऊ दे, मग शोध! डोळ्याच्या आतला, उष्णता टिपणारा इंडियम अँटिमोनाइडचा डिटेक्टरसुद्धा उणे १९६ च्या आसपास ठेवतात, नाहीतर तो आपल्याच उष्णतेच्या गोंगाटात हरवतो. बघ, इथेही मागचंच आलं.

तुला वाटेल म्हातारा तेच तेच उगाळतोय. उगाळणारच. नोकरीत असताना एका उपकरणाची चाचणी एसीच्या खोलीत झाली. पुढे गरम ठिपका, मागे गार भिंत, चित्र झकास. मी म्हटलं, दुपारी धावपट्टीवर नेऊ. साहेब हसले, "तुमच्या भुसावळचं ऊन इथे कशाला आणता?" मी सही केली. मे महिन्यात तापलेल्या डांबरापुढे तो ठिपका कुणाला सापडेना. त्यानंतर उन्हातली नोंद पाहिल्याशिवाय मी एकाही कागदावर सही केली नाही. दोनदा बढती हुकली. तुझी काकू अजून म्हणते, हट्ट नडला. पहिल्या वेळी हट्ट कमी पडला, हे मात्र कुणी म्हणत नाही.

असो. रडार की इन्फ्रारेड ते नंतर ठरव. ज्याला मागचं मोजता येत नाही त्याला दोन्ही सारखेच. पुण्याच्या मुलांकडे महागडे कॅमेरे आहेत म्हणून रडू नकोस. त्यांच्याकडे आपलं ऊन नाही.

रविवारी उजाडायच्या आत गच्चीवर ये. टेप, वही आणि साधा थर्मामीटर आण. पत्रा, माती, केळीचं पान, तिन्हींची दर अर्ध्या तासाला नोंद. सकाळी कधीतरी माती आणि पान कॅमेऱ्यात एकसारखे होतील, वेगळे ओळखूच येणार नाहीत. ती वेळ मला मिनिटासकट हवी. आणि या खेपेला चहा पिऊन जायचं.