उबुंटूत फिक्स आयपी बसेना

प्रश्न: ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरला फिक्स आयपी (कायम तोच राहणारा नेटवर्क पत्ता) द्यायचाय, जुन्या पुस्तकात बघून इंटरफेसेस या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये सगळं टाकलं, तीनदा रीस्टार्ट केलं तरी फरक नाही, काय चुकतंय?

उत्तर: अहो, फाइलच चुकलीय. उबुंटू 17.10 पासून हे काम नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या टूलकडे गेलंय, ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरातली वायएएमएल (.yaml ने संपणारी) फाइल उघडा, डीएचसीपी4 (आपोआप आयपी घेण्याची सोय) पुढे फॉल्स लिहा आणि खाली अ‍ॅड्रेस देताना शेवटचं /24 वगैरे (नेटवर्क किती मोठं ते सांगणारा आकडा) विसरू नका. टॅब अजिबात नको, स्पेसच द्या, एक जागा इकडेतिकडे झाली तरी एरर येतो. मग थेट अप्लाय न करता आधी 'सुडो नेटप्लॅन ट्राय' चालवा, 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं, घरून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर लॉगिन करून) काम करताना हे खरंच फार मोलाचं आहे.