न्यूरेंबर्गला जाताना: कोणता विमानतळ, कोणती बँक

तुमचा प्रश्न असा होता: पुण्याहून नवरा-बायको न्यूरेंबर्गला निघालात, ब्लू कार्डसाठीचा, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-वास्तव्य परवान्यासाठीचा, व्हिसा हातात आहे. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरावं की म्युनिकला? आणि जर्मनीच्या 'सरकारी बँकेत' इथूनच खातं उघडून ठेवता येईल का?

आधी बँकेचं सांगतो, कारण तिथे समजुतीतच घोळ आहे. आपल्या स्टेट बँकेसारखी, देशभर शाखा असलेली एकच सरकारी बँक जर्मनीत नाही. सर्वसामान्यांची सार्वजनिक बँक म्हणजे श्पारकासे, आणि ती त्या-त्या शहराची किंवा जिल्ह्याची असते. अशा तीनशेहून जास्त आहेत. पाटी सगळीकडे तीच लाल, पण प्रत्येक श्पारकासे ही कायद्याने वेगळी बँक आहे. केएफडब्ल्यू नावाची बँक केंद्र आणि राज्यांच्या मालकीची आहे खरी, पण तिथे पगाराचं खातं उघडत नाहीत.

त्यामुळे फ्रँकफर्टला उतरलात म्हणून तिथल्या श्पारकासेत खातं काढायला जाऊ नका. प्रत्येक श्पारकासे आपापल्या हद्दीपुरतं काम करते. तुमचा पत्ता न्यूरेंबर्गचा, तर बँकही श्पारकासे न्यूरेंबर्गच. पुढे गाव बदललं आणि नव्या गावच्या श्पारकासेत गेलात तर आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकही बदलतो. जर्मन आयबॅन २२ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातले आठ अंक बँकेचे असतात. मग पगार, भाडं, वीज, मोबाइल, सगळीकडे नवा नंबर कळवत बसावं लागतं. दोन-तीन वर्षांत शहर बदलण्याची शक्यता असेल तर देशभर चालणारी खासगी किंवा ऑनलाइन बँक सोयीची. न्यूरेंबर्गला स्थिरावायचं असेल तर मात्र श्पारकासेच घ्या. जवळपास शाखा असते, समोर बसून बोलता येतं आणि देशभरातल्या बहुतेक श्पारकासेंच्या एटीएममधून पैसे काढायला शुल्क पडत नाही.

ठेव किती सुरक्षित? कायद्याने प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत १,००,००० युरोपर्यंत संरक्षण आहे. त्यावर श्पारकासेंनी एकमेकींना बुडू न देण्याची स्वतःची व्यवस्था केलेली आहे. शहर किंवा जिल्ह्याची अमर्याद हमी मात्र जुलै २००५ मध्ये संपली. 'सरकारी आहे, बुडणारच नाही' हे जुन्या लोकांकडून ऐकाल, ते त्या काळातलं.

आता विमानतळ. नकाशावर म्युनिक जवळ दिसतं, तरी तुमच्यासाठी मी फ्रँकफर्ट सुचवेन. फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ ला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे आणि तिथून थेट आयसीई, म्हणजे जलद रेल्वेगाडी, साधारण अडीच तासांत न्यूरेंबर्गला पोचते. म्युनिकच्या विमानतळावर आयसीई येतच नाही. आधी एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, सुमारे ४० मिनिटं मुख्य स्टेशनवर, मग फलाट बदलून तासाभराहून थोडा जास्त प्रवास. माणशी दोन मोठ्या बॅगा घेऊन ही अदलाबदल जिवावर येते. एकाच तिकिटावर न्यूरेंबर्गपर्यंत विमान मिळत असेल तर त्याहून उत्तम. तिथला विमानतळ छोटा आहे आणि यू-२ मेट्रो पाव तासाच्या आत मुख्य स्टेशनवर सोडते. तसं केलंत तर पासपोर्ट आणि हातातल्या सामानाची तपासणी फ्रँकफर्टला, चेक-इन केलेल्या बॅगांचा कस्टम न्यूरेंबर्गला. स्वस्त तिकीट शोधताना 'फ्रँकफर्ट हान' दिसलं तर सोडून द्या, ते शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर आहे.

कस्टमचं एक नीट लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता दोन्ही जप्त होतात. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. मसाले, डाळी, पापड बिनधास्त न्या. माणशी १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. पण भारतातूनच साधारणपणे ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नोटा नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर ठेवा. एटीएमच्या पडद्यावर 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमी महाग पडतो.

खातं इथून उघडता येणं अवघड. शाखेत सहसा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा, दाखला मागतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंदणी कार्यालयात भेटीची वेळ आठवडे-आठवडे मिळत नाही, म्हणून पत्ता ठरताच भारतातूनच ती घेऊन ठेवा. करक्रमांक बँकेला नंतर दिला तरी चालतो. कंपनीला मात्र तो लवकर लागतो, नाहीतर पहिल्या पगारातून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कपातीच्या, करवर्गाने भरमसाट कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात फार जाणवतो.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती टपालपेटीवर. कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, ऑनलाइन व्यवहारांसाठीचं नोंदणीपत्र अनेकदा तिसऱ्यात, आणि करक्रमांकही टपालानेच. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. पत्ता अगदी बरोबर असला तरी. इमारतीत घरांना नंबरच नसतात, पोस्टमन फक्त नाव बघतो. म्हणून किल्ली मिळेल त्याच दिवशी दोघांची आडनावं पेटीवर आणि बेलवर लावा, साधी कागदाची पट्टी चालते. तात्पुरत्या घरात असाल तर पत्त्यात 'सी/ओ' लिहून मालकाचं आडनाव घाला आणि त्यालाही सांगून ठेवा.

नावाचं आणखी एक. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, आणि बँक खातं तसंच तीन नावांनी उघडते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोतले पैसे पाठवण्याआधी बँक नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून दाखवते. कंपनीला आणि घरमालकाला खात्यावर आहे तसंच नाव द्या, म्हणजे समोरच्याला 'नाव जुळत नाही' असा इशारा दिसणार नाही. दोघांचं एकत्र खातं काढलंत तर 'ओडर' प्रकारचं मागा, त्यात दोघांपैकी कुणीही एकटं व्यवहार करू शकतं.

घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ (इतर खर्च न धरलेल्या) भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. घरमालक आपणहून हे बोलत नाहीत, तुम्ही विचारा.

भारतातलं बचत खातं, अनिवासी झाल्यावर, एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेला तसं कळवा, आणि ओटीपी येणारा भारतातला मोबाइल नंबर रोमिंगसह चालू ठेवा. तो बंद पडला तर इथलं खातं तिथून हाताळणं फार कठीण होतं.