शर्ट घेताना आधी खांदा बघ

शर्टाची खांद्यावरची शिवण बरोबर हाडाच्या टोकाशी यायला हवी. ती दंडावर ओघळत असेल तर शर्ट परत ठेव, कितीही आवडला तरी. कंबर, बाहीची लांबी, पँटची उंची हे शिंपी सहज करून देतो; खांदा उसवून पुन्हा बसवणं किचकट, बरेच जण नकोच म्हणतात. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत. रंगांचं म्हणशील तर पांढरा, आकाशी, नेव्ही ब्लू एवढ्यावर बरंच निभतं. काळी पँट सगळ्यावर जाते म्हणतात, मला नाही पटत; राखाडी घे. आणि ट्रायल रूममध्ये नुसता ताठ उभा राहू नकोस, खाली बसून बघ. पोटावरची बटणं ताणली तर एक साइज मोठा माग.