लोन ‘सँक्शन’ होतं आणि इराणवरही ‘सँक्शन्स’ लागतात, हे कसं काय?

गोंधळ होणारच. बँकेने लोन सँक्शन केलं की आपण पेढे वाटतो, आणि अमेरिकेने इराणवर सँक्शन्स लादले की तिथे नाक दाबलेलं असतं.

मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत नोकरी केली. रजा सँक्शन, पद सँक्शन, जीपीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) ॲडव्हान्स सँक्शन. या शब्दाला ‘मंजुरी’ सोडून दुसरा अर्थ असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेच्या सँक्शन्सची बातमी आली. शेजारच्या टेबलावरचे अण्णा म्हणाले, “वा, स्फोट केल्याबरोबर सँक्शन! रक्कम किती हो?” सगळे हसले. मीही हसलो, पण संध्याकाळी घरी जाऊन गुपचूप डिक्शनरी काढली.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र किंवा अभंग ठरवणे. कायदा असा अभंग ठरवायचा तर त्यावर शिक्कामोर्तब हवं आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही हवी. शिक्कामोर्तबातून मंजुरी आली, शिक्षेतून निर्बंध.

ओळखायला सोपं आहे. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ दिसलं की बहुतेक वेळा निर्बंधच. क्रियापद असेल तर पुढे काय आहे ते बघा: रक्कम, पद, नकाशा असेल तर मंजूर; देश, कंपनी, माणूस असेल तर निर्बंध.

मात्र एक जागा फसवी आहे. सरकारी नोकरावर लाचेचा खटला चालवायचा तर १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आधी सक्षम अधिकाऱ्याचं ‘सँक्शन’ लागतं. ‘साहेबांविरुद्ध सँक्शन आलं’ म्हणजे साहेबांना शिक्षा झाली असं अनेकांना वाटतं. ती फक्त खटला चालवायची मंजुरी असते. अर्थात साहेबांची झोप तेवढ्यानेही उडते.

आणि तुमच्या लोनचं म्हणाल, तर सँक्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत. कागदपत्रं, तारण सगळं झाल्यावर डिस्बर्समेंट होते, म्हणजे पैसे प्रत्यक्ष मिळतात. पेढ्यांची ऑर्डर तेव्हा द्या.